फुलपात्राचा पहिला घोट

आमच्या घराण्याचा व्यवसाय भांड्यांचा. आजोबांनी तांब्या-पितळेवर सुरू केलेली पेढी वडिलांच्या काळात स्टीलवर आली आणि आज माझे धाकटे बंधू व आमची मुले मिळून ती सांभाळतात. भावांमध्ये मी एकटाच बँकेच्या नोकरीत शिरलो, त्यामुळे दुकानाच्या बाबतीत माझे मत सहसा कोणी विचारीत नाही. मात्र सेवानिवृत्तीनंतर दिवसभर घरी असणारा पुरुष मीच असल्याने नातवंडांचे खाते आपोआप माझ्याकडे वर्ग झाले. त्या खात्यात माझ्या हातून एक चूक झाली. तिची नोंद आज येथे करतो, कारण अशी चूक अनेक घरांत होत असल्याचे आता दिसते.

ज्या घराच्या दुकानात छतापर्यंत पेले, वाट्या आणि फुलपात्रे रचलेली आहेत, त्या घरातला माझा थोरला नातू अडीच वर्षांचा होईपर्यंत प्लॅस्टिकच्या बाटलीशिवाय दूध घेत नव्हता. सूनबाई चौथ्या महिन्यात दुकानाच्या हिशेबाला परत बसू लागल्या, तेव्हा सोय म्हणून बाटली आली. दिवसाला दोन, मग चार, मग पाच. रात्रीची बाटली देण्याचे काम माझ्याकडे होते. दूध लवकर संपावे म्हणून त्यात अर्धा चमचा साखर घालण्याची युक्तीही माझीच. आम्ही वडील मंडळी सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब घेत नाही आणि त्याच घरात रात्री अकरा वाजता नातू अंथरुणावर गोड दूध चोखत झोपी जात असे. लहान मुलाला नियम नसतो हे खरे, पण दातांनाही विश्रांती लागते, याचा विचार कोणी केला नाही.

मुलगा फिकट दिसू लागला, जेवणाला तोंड लावीना. तपासणीत हिमोग्लोबिन ८.२ निघाले. बालरोगतज्ज्ञांनी आधी एवढेच विचारले, "दिवसाला दूध किती?" मी बँकेच्या सवयीने बेरीज करून सांगितले, "लिटरभर." त्यावर ते म्हणाले, "आजोबा, रोग तुम्हीच सांगितलात." दुधात लोह अगदी थोडे असते. पोट दुधानेच भरले की मूल भाकरी, वरण, पालेभाजी यांकडे वळत नाही आणि दुधातील कॅल्शियम व केसीन हे प्रथिन दुसऱ्या अन्नातले लोहही नीट शोषू देत नाही. वर्षानंतरच्या मुलाला दिवसभरात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर दूध पुष्कळ झाले. याच्या दुप्पट दूध आम्ही प्रेमाने पाजत होतो.

वरच्या पुढच्या चार दातांवर तपकिरी डाग पडले होते. झोपेत लाळ कमी सुटते आणि निपलमधून आलेले दूध दातांवर साचून राहते. त्यातल्या साखरेवर जंतू आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात खाते. मी घातलेल्या अर्ध्या चमच्याने त्या जंतूंची चांगलीच सोय केली होती. सूनबाईंनी मला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. आमच्या सौ. मात्र स्पष्ट बोलल्या, "साखर घालताना मी दोनदा सांगितलं होतं." त्यांनी सांगितले होते, हे मला मान्य आहे.

बाटली सोडवायला पाच आठवडे लागले. डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी दुपारच्या बाटल्या काढल्या आणि तेच दूध छोट्या पेल्यात, जेवणानंतर देऊ लागलो. साखर रोज थोडी कमी करीत बंद केली. रात्रीची बाटली सर्वांत शेवटी गेली. दात घासायचे, पाण्याचा एक घोट घ्यायचा आणि माझ्याजवळ गोष्ट ऐकायची, असा क्रम ठरवला. तीन रात्री त्याने घर डोक्यावर घेतले. चौथ्या रात्री गोष्ट निम्मी झाली असतानाच तो झोपला. सोबत लोहाचे औषध चालू होते, जेवणही वाढले आणि काही महिन्यांत हिमोग्लोबिन ११ वर गेले. डाग मात्र राहिले.

त्यानंतर नात झाली. या वेळी आम्ही घरात बाटली आणलीच नाही. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, पाणीसुद्धा नाही. सूनबाई दुकानात बसत त्या तासांपुरते काढून ठेवलेले दूध वाटी-चमच्याने पाजीत असू. सहा महिने झाल्यावर पेल्याचे शिक्षण सुरू केले. ते नातीइतकेच माझेही झाले.

पहिला प्रश्न भांड्याचा. दुकानातून नाना तऱ्हेची भांडी घरी आली. माझ्या पुतण्याने रंगीत, झाकणाचे, चोचीचे कपही आणले. मी हरकत घेताच तो म्हणाला, "काका, गिऱ्हाईक मागतं ते ठेवावंच लागतं." त्याचेही चुकीचे नाही. परंतु उलटे केले तरी न सांडणाऱ्या कपात आत एक पडदा असतो आणि मूल ओढील तेव्हाच पाणी येते. म्हणजे ते पुन्हा चोखणेच झाले, घोट घेणे नव्हे. प्रवासात वापरायला हरकत नाही, पण त्याने पेला शिकवला असे समजू नये. आम्ही शेवटी निवडले ते साधे स्टीलचे लहान फुलपात्र. काठ गुळगुळीत वळवलेला आणि मावेल जेमतेम ६० मिलिलिटर.

माजघरातल्या कपाटात माझ्या आजीचे चांदीचे बोंडले आहे. तेच काढावे, असा सौ.चा आग्रह होता. बोंडल्याची योग्यता मी कमी मानीत नाही. दक्षिणेत त्याच जातीच्या भांड्याला पालडाई म्हणतात आणि कमी वजनाच्या, चोखण्याचे बळ नसलेल्या नवजात बालकांसाठी ते रुग्णालयांतही वापरतात. पण बोंडल्याने दूध आपण ओततो आणि बाळ गिळते. सहा महिन्यांच्या बाळाला स्वतः घोट घ्यायला शिकवायचे असेल, तर त्याला काठ ओठांनी धरता आला पाहिजे.

आजोबांच्या काळचे एक पितळी फुलपात्रही पुढे आले होते. ते मी परत ठेवायला लावले. त्याचे कारण आपल्या व्यापारी वाचकांना ठाऊक असावे असे वाटते. आपल्याकडे पूर्वी दोन-तीन वर्षांच्या आतली मुले यकृताच्या एका विकाराने दगावत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर १९८०च्या दशकात या विकाराचा अभ्यास केला. पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात तापवलेले आणि साठवलेले वरचे दूध या मुलांना फार लवकर सुरू झालेले असे. दुधात तांबे उतरे आणि ते कोवळ्या यकृतात साचे. घरोघर भांडी बदलली तसा तो विकार जवळजवळ दिसेनासा झाला. आमच्या पेढीने पितळ सोडले ते केवळ भाव परवडेना म्हणून. त्यातून असेही काही भले घडले असेल, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

आता प्रत्यक्ष कृती. नात आधाराने ताठ बसू लागली होती, मान स्थिर होती आणि आम्ही पाणी पिताना ती आमच्या पेल्याकडे टक लावून पाहात तोंड उघडी. ही तयारीची खूण. तिला मांडीवर ताठ बसवायचे, गळ्यात लाळेरे बांधायचे आणि हात मोकळे ठेवायचे. वेळ निवडायची ती झोपून उठल्यावरची, जेवणाच्या सुमाराची. भुकेने कळवळणारे बाळ नवी विद्या शिकत नाही. पाणी उकळून गार केलेले. आपल्या घरांत ते तयार असतेच, वेगळी खटपट नाही.

पहिल्या दिवशी मी मोठ्या पेल्यात दोनच चमचे पाणी घेतले. सांडले तर थोडेच सांडेल, हा माझा हिशेब. तो चुकला. तळाशी असलेले पाणी काठाशी आणण्यासाठी पेला फार कलवावा लागला, नातीची मान मागे गेली आणि पाणी एकदम नाकातोंडात गेले. मग कळले की भांडे लहान हवे आणि ते दोन-तृतीयांश तरी भरलेले हवे, म्हणजे थोड्याशा कलाने पाणी काठाशी येते. काठ खालच्या ओठावर हलकेच टेकवायचा, पाणी वरच्या ओठाला लागेल इतकाच कलवायचा आणि थांबायचे. तोंडात ओतायचे नाही. हे थांबणे आजोबांना सर्वांत कठीण जाते. पाण्याचा स्पर्श झाला की बाळ जीभ पुढे काढून चाटते, काही दिवसांनी ओठ काठावर मिटते आणि मग पहिला खरा घोट घेते. एक-दोन घोट झाले की पेला खाली घ्यायचा, तिला श्वास घेऊ द्यायचा. तिने तोंड फिरवले की त्या वेळचा कारभार बंद.

मी एक वही घातली होती. पोटात गेले ते जमा, लाळेऱ्यावर गेले ते खर्ची. पहिले दहा दिवस खाते तोट्यातच होते. घरच्यांनी वहीची यथेच्छ थट्टा केली, पण तिच्यामुळे एक गोष्ट ध्यानात आली. पाण्यापेक्षा नाचणीची पातळ पेज आणि घट्टसर ताक कमी सांडत होते. दाट पदार्थ हळू वाहतो आणि बाळाला तो तोंडात सावरायला अवधी मिळतो. मीठ आणि साखर वर्षापर्यंत घातली नाही, मधाचे बोटही लावले नाही. लहान अर्भकांना मधातून गंभीर विषबाधा होऊ शकते, म्हणून पहिले वर्षभर तो वर्ज्यच. गाईचे दूध मुख्य पेय म्हणून वर्षानंतरच.

ठसक्याची भीती प्रत्येक घरात असते. थोडा ठसका लागणारच. आपल्याकडे "वर बघ, चिमणी बघ" म्हणत टाळूवर थोपटण्याची रीत आहे. ती येथे सोडून द्यावी. मान वर केल्याने पाणी आणखी मागे जाते. बाळाला ताठ, किंचित पुढे झुकवून धरावे आणि खोकू द्यावे. आवाज करीत खोकणारे बाळ आपला मार्ग स्वतः मोकळा करीत असते. आवाजच फुटत नसेल, ओठ निळसर होत असतील, तर मात्र क्षणही न दवडता मदत मिळवावी. प्रत्येक वेळी पिताना खोकला येणे, दूध नाकातून येणे, छाती वारंवार भरणे, ही डॉक्टरांकडे जाण्याची कारणे आहेत. निजलेल्या बाळाच्या तोंडाला पेला कधीही लावू नये.

आठव्या महिन्यात नातीने फुलपात्र माझ्या हातून हिसकावले आणि शांतपणे माझ्या धोतरावर उलटे केले. तेव्हापासून अंघोळीच्या वेळी खेळायला एक रिकामे फुलपात्र देऊ लागलो. भरणे, ओतणे आणि आपटणे हे सारे तिने तेथे करून घेतले. वर्षाच्या सुमाराला ती दोन्ही हातांनी धरून, माझ्या एका बोटाच्या आधाराने पिऊ लागली. आता दीड वर्षाची झाली आहे. एकटी पिते, थोडे सांडते, आणि पेला रिकामा झाला की "अजून" म्हणते. भांडे साबणाने धुऊन वाळवले की झाले. निपलच्या कानाकोपऱ्यांत ब्रश फिरवण्याचा आणि बाटल्या उकळण्याचा व्याप या खेपेस घरात नव्हता.

एक गोष्ट पुतण्याला सांगितली, ती येथेही लिहितो. दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करणे, त्या भेट म्हणून देणे वा त्यांच्या विक्रीसाठी प्रलोभन दाखवणे, याला आपल्याकडे १९९२च्या कायद्याने मनाई आहे आणि २००३च्या दुरुस्तीने तो अधिक कडक झाला. बारशाच्या दिवसांत दुकानाबाहेर बाटलीचा फलक लावण्यापूर्वी व्यापाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. पुतण्याने फलक काढला. गल्ल्याशेजारी आता लहान फुलपात्रांची एक रास असते आणि विचारणाऱ्याला तो नातीचे उदाहरण देतो. विक्री बरी आहे, असे म्हणतो.

थोरला नातू आता साडेचार वर्षांचा आहे. पुढचे पक्के दात यायला सहावे-सातवे वर्ष उजाडेल, तोपर्यंत आहेत ते जपा, असे दंतवैद्यांनी सांगितले आहे. बहिणीला पाणी पाजण्याचे काम त्याने स्वतःकडे घेतले आहे आणि पेला किती कलवायचा हे तो मला समजावून सांगतो. फोटो काढताना मात्र अजून ओठ मिटून हसतो.