राष्ट्रपतींची श्रद्धा आणि स्वाक्षरी

राष्ट्रपतीने देवळात जावे काय, हा वाद आपल्या प्रजासत्ताकाइतकाच जुना आहे. सोमनाथाच्या पुनर्बांधणीची घोषणा सरदार पटेलांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये केली, तेव्हा काकासाहेब गाडगीळ त्यांच्यासमवेत होते. ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथे ज्योतिर्लिंगाची प्रतिष्ठापना झाली. निधर्मी राज्याच्या प्रमुखाने या समारंभापासून दूर राहावे, हा पंडित नेहरूंचा सल्ला त्यांनी मानला नाही.

खरी कसोटी मात्र पुढेच होती. स्त्रियांना घटस्फोटाचा व वारसाचा हक्क देऊ पाहणाऱ्या हिंदू संहिता विधेयकाला राजेंद्रबाबूंचा विरोध होता आणि तो त्यांनी नेहरूंना लेखी कळविलाही होता. विधेयक रखडले, १९५१ मध्येच डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपद सोडले. परंतु निवडणुकीनंतरच्या संसदेने १९५५ मध्ये विवाहाचा आणि १९५६ मध्ये वारसाचा कायदा संमत केला, तेव्हा त्यांवर संमतीची स्वाक्षरी राजेंद्रबाबूंचीच होती.

राज्यघटनेच्या ६० व्या कलमानुसार राष्ट्रपतीला ईश्वराला स्मरून शपथ घेता येते, तशीच ईश्वराचे नाव न घेता प्रतिज्ञाही करता येते. दोहोंतही वचन एकच: घटनेचे रक्षण. म्हणून राष्ट्रपतीची पारख त्याच्या देवघरावरून नव्हे, तर श्रद्धेला न रुचणारा कायदा समोर आल्यावर तो काय करतो, यावरूनच व्हावी.