लाइनची शिट्टी

आमच्या ढोकीत तेरणा साखर कारखान्याचा भोंगा सगळ्या गावाला ऐकू जायचा. व्हॉल्व्हच्या टीव्हीची शिट्टी मात्र फक्त पोरांना ऐकू यायची. व्हॉल्व्ह तापले की संचाच्या पाठीमागून एक बारीक, अखंड सूर निघे. आजोबा म्हणत, "काही वाजत नाही." आम्ही म्हणायचो, "वाजतंय की!" दोघांचंही खरं होतं. सेकंदाला २५ चित्रं आणि चित्रामागे ६२५ रेषा, म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेषा. तेवढ्याच वेगानं थरथरणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा तो आवाज, आणि वय झालं की इतका बारीक सूर कानाला लागत नाही.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. आमच्या भागात टीव्ही रुळायला ऐंशीचं दशक उजाडलं. आमच्या घरचा संच पुण्याच्या नातलगांनी वापरून दिलेला होता, अर्धा व्हॉल्व्हचा, अर्धा ट्रान्झिस्टरचा. त्याचं काळीज म्हणजे लाइन सेक्शन, पडद्यावरच्या रेषा ओढणारा भाग. पीएल ५०४ हा व्हॉल्व्ह रेषेच्या शेवटी ट्रान्सफॉर्मरमधला प्रवाह झटक्यात तोडतो. त्या झटक्यानं उसळलेला विजेचा दाब ट्रान्सफॉर्मर अनेक पटींनी चढवतो, डीवाय ८०२ त्याला एका दिशेनं वाहायला लावतो आणि वीस इंची पिक्चर ट्यूबला पंधरा-अठरा हजार व्होल्ट मिळतात. त्याच ओढीनं इलेक्ट्रॉन पडद्यावर आदळतात. दुरुस्तीवाले या ट्रान्सफॉर्मरलाच ‘ईएचटी’ म्हणत.

आवाज येतोय पण पडदा काळा, अशी तक्रार आली की संशय आधी इथंच. पीएल ५०४ ची पत्र्याची नळी लाल झाली तर संच ताबडतोब बंद करायचा. बहुतेक वेळा रेषांचा ताल देणाऱ्या ऑसिलेटरकडून त्याला हुकूमच येत नसतो. नळी लाल नाही आणि शिट्टीही नाही, तर पीवाय ८८ हा दुसरा व्हॉल्व्ह आणि त्याच्या जोडीचा बूस्ट कंडेन्सर पाहायचा. कंडेन्सर गळका झाला की सगळी लाइन बसते. शिट्टी आहे, तर डीवाय ८०२ ची बारीक वात पाहायची. ती ट्रान्सफॉर्मरवरच्याच एका वेढ्यावर पेटते. पेटली म्हणजे लाइन जिवंत आहे. ब्राइटनेस वाढवला की चित्र फुगून अंधुक होत असेल, तर हाच व्हॉल्व्ह थकलेला. पावसाळ्यात धुळीला ओल धरली की अंधारात निळसर झाक दिसे, चरचर ऐकू येई आणि ओझोनचा उग्र वास सुटे. मग ट्यूबवरची रबरी टोपी आणि भोवतालची काच स्पिरिटनं पुसून कोरडी करायची.

आत हात घालायचा तो संच बंद केल्यावर, आणि तेही थांबून. ट्यूबची काच आत-बाहेर ग्रॅफाइटनं माखलेली असते. ती स्वतःच मोठा कंडेन्सर आहे. प्लग काढल्यावरही बराच वेळ तिच्यात वीज दबा धरून बसते. जाड मुठीच्या स्क्रूड्रायव्हरला तार बांधून तिचं दुसरं टोक आधी ट्यूबभोवतीच्या अर्थच्या जाळीला जोडायचं, मगच स्क्रूड्रायव्हरचं टोक टोपीखाली सरकवायचं. आणि एकदा नाही, दोनदा. अशा अनेक संचांची चेसिस थेट मेन्सला जोडलेली असते. प्लग उलटा बसला तर तिच्यात फेज उतरतो. म्हणून चालू संचात एक हात खिशात. साधं मल्टिमीटर ट्यूबवरचा दाब मोजू शकत नाही. त्याला वेगळा हाय-व्होल्टेज प्रोब लागतो. ठिणगी ओढून अंदाज घेण्याची खोड वाईट, ट्रान्झिस्टरच्या संचात तेवढ्यानं लाइनचा ट्रान्झिस्टर जातो.

आमचा संच दुरुस्त करायला येणारे मिस्त्री साठीकडे झुकलेले होते. संच उघडला की ते आधी मला जवळ बोलवायचे. "ये रं. हात लावू नगं, नुसतं ऐक. शिट्टी येतीय का?" मी मान डोलवायचो आणि मगच ते पुढं सरकायचे. इतक्या वर्षांच्या अनुभवाला जे ऐकू येत नव्हतं, ते पोराच्या कानावर विश्वास ठेवून ते जाणून घेत.

परवा एका जुन्या संचाचं मागचं झाकण काढलं. व्हॉल्व्ह पेटले, डीवाय ८०२ ची वातही पेटली. मला काही ऐकू आलं नाही. शेजारी उभ्या नातवाला विचारलं, "शिट्टी येतीय का रं?"