पान्हा कुठून सुटतो?

वासरू कासेला ढुशी देते आणि गाय पान्हवते, हे आपण लहानपणापासून पाहत आलो. पण पान्ह्याचा हुकूम कुठून सुटतो ठाऊक आहे? कासेतून नव्हे, डोक्यातून!

आचळाला वासराचे तोंड किंवा तुमचा हात लागला, की मज्जातंतूंमार्फत मेंदूला वर्दी जाते. मेंदूच्या तळाशी पियुषिका नावाची छोटी ग्रंथी आहे. ती ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात सोडते. मिनिटाभरात ते कासेत पोहोचते, दुधाच्या बारीक पिशव्या आवळल्या जातात आणि दूध सडात उतरते. म्हशीला थोडा जास्त वेळ लागतो.

शरीरातील बहुतेक संप्रेरकांना लगाम असतो. जेवणानंतर रक्तातली साखर वाढली की इन्सुलिन स्रवते. साखर उतरली की तेही कमी होते. पान्ह्याची तऱ्हा निराळी. पिणे चालू तोवर वर्दी चालू. पिणे थांबले की स्रावही थांबतो. रक्तातले ऑक्सिटोसिन काही मिनिटांतच ओसरते. म्हणून कास धुतल्यावर लगेच धार धरावी आणि ७-८ मिनिटांत आटोपावी.

धारेच्या वेळी काठी बसली, कुत्रे अंगावर आले, आरडाओरड झाली, तर भ्यालेल्या जनावराच्या रक्तात अॅड्रिनॅलिन उसळते आणि पान्हा अडतो. गाय दूध चोरते म्हणून आपण तिला आणखी मारतो! अहो, ती हट्टी नाही, घाबरलेली आहे.

काहीजण मग ऑक्सिटोसिनची सुई टोचतात. रोज टोचल्याने जनावराला तिची सवय लागते आणि सुईवाचून पान्हा सुटेनासा होतो. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या प्रकृतीला अपायकारक इंजेक्शन देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. गरज असेल तर पशुवैद्यच ते ठरवतील.

आणि माउलींनो, घरातल्या बाळंतिणीचा पान्हाही याच संप्रेरकाने सुटतो. जन्मल्यावर तासाभरात बाळाला छातीशी धरले तर गर्भाशय आकसायला मदत होते, रक्तस्राव आटोक्यात राहतो. काळजीने आणि टोमण्यांनी मात्र तिचाही पान्हा अडतो. तेव्हा ‘हिला दूधच नाही’ असे म्हणण्याआधी सुनेला निवांत बसू द्या, पोटभर जेवू द्या, बाळाला पुन्हा पुन्हा पाजू द्या. तरीही बाळाचे वजन वाढत नसेल, तर दवाखाना गाठा.

गोठा असो की माजघर, पान्ह्याला धाक मानवत नाही. मायेचा हात मानवतो.