बाणाला पुढे कोण नेतं?

धनुष्यातून सुटलेला बाण दोरीपासून वेगळा होतो, तरी पुढे जात राहतो. त्याला नेतं कोण? हा प्रश्न ग्रीकांना पडला तसा आपल्या वैशेषिक दर्शनालाही पडला होता.

आमच्या फॅमिली ग्रुपवर अधूनमधून एक मेसेज फिरून येतो : न्यूटनचे तिन्ही नियम कणाद ऋषींनी आधीच सांगितले होते. पुण्याहून काका पाठवतात आणि इकडे इंग्लंडमध्ये माझा मुलगा विचारतो, "बाबा, खरंय का हे? शाळेत सांगू?" त्याला नीट उत्तर देता यावं म्हणून मी मूळ सूत्रं भाषांतरासह वाचली.

अॅरिस्टॉटलच्या मते भोवतालची हवा बाणाला ढकलत नेते. कणादांचं उत्तर वेगळं आहे. पहिली हालचाल दोरीच्या धक्क्याने, म्हणजे 'नोदना'ने होते. त्या हालचालीतून बाणातच 'संस्कार' निर्माण होतो आणि त्यातून पुढची, मग त्यापुढची हालचाल होते. संस्कार संपला की गुरुत्वामुळे बाण पडतो. कारण हवेत न शोधता बाणात शोधणं मला तरी जास्त पटतं. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा फिलोपोनस आणि चौदाव्या शतकात पॅरिसचा ब्युरिदान याच वाटेने गेले. ब्युरिदानने त्याला 'इम्पेटस' म्हटलं.

मेसेजमधली संस्कृत वाक्यं मात्र कणादांची नाहीत. प्रशस्तपादांच्या ग्रंथात 'वेग' या संस्काराबद्दल जो उतारा आहे, त्याचे ते तुकडे आहेत. तिथे म्हटलंय की वेग पाच द्रव्यांत उपजतो : पृथ्वी, आप, तेज, वायू आणि मन. आमच्या मेसेजमधून हे 'मन' गायब होतं! न्यूटनच्या नियमात ते बसवणार कुठे? अडथळ्याने वेग नाहीसा होतो हेही प्रशस्तपाद सांगतात. पण किती बलाने वेग किती बदलेल, याचं गणित तिथे नाही.

खरा फरक मुलाला कॅरमवर दाखवला. पावडर नसेल तर सोंगटी लगेच थांबते, टाकली की लांब जाते. घर्षण अजिबातच नसेल तर? कणादांपासून ब्युरिदानपर्यंत सगळे गती टिकवणारं कारण शोधत होते. गॅलिलिओने उलट बाजूने पाहिलं. उतारावर गोळा वेग घेतो, चढावर मंदावतो, मग सपाटीवर अडथळा नसेल तर तो तसाच जात राहील. देकार्तने १६४४ मध्ये त्याला सरळ रेषेची जोड दिली आणि १६८७ मध्ये न्यूटनने तो पहिला नियम केला : एकसमान वेगाने सरळ जायला बल लागत नाही, बल लागतं ते वेग बदलायला. हेच जडत्व.

इथल्या शाळेत मुलांना लगेच विचारतात, हे कुठे लिहिलंय? दाखवता आलं नाही की मूल वर्गात तोंडघशी पडतं आणि पुढे आपल्या परंपरेतलं खरं असलेलंही ऐकेनासं होतं. म्हणून मुलांना कणादांचं नाव जरूर सांगा, पण सोबत त्यांचा बाण आणि त्यांचा संस्कारही सांगा. तेवढं सूत्रांत उघडून दाखवता येतं.