पाच वर्षांची मुदत आणि मेढ्याचे मतदान

जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या मेढ्यात नगरपंचायतीसाठी डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झाले, तेव्हा सातारा जिल्ह्यातीलच कोरेगाव, पाटण, लोणंद, खंडाळा, वडूज आणि दहिवडी या नगरपंचायतींच्या मतदानाला चार वर्षे होत आली होती. मधल्या काळात राज्यातील मुदत संपलेल्या शेकडो स्थानिक संस्थांचा कारभार प्रशासकाकडे, म्हणजे शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, राहिला.

असे घडू नये म्हणूनच ७४ वी घटनादुरुस्ती झाली होती. १ जून १९९३ पासून लागू झालेल्या या दुरुस्तीतील अनुच्छेद २४३-यू प्रमाणे नागरी संस्थेची मुदत पहिल्या बैठकीपासून पाच वर्षे असते, त्याहून अधिक नसते, आणि ती संपण्यापूर्वीच नवी निवडणूक पूर्ण व्हावी लागते. त्याआधी स्थानिक स्वराज्याचे आयुष्य सत्ताधाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असे. औंध संस्थानात बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३९ च्या घटनेद्वारे गावपंचायतींच्या हाती खरा कारभार सोपवला होता, पण १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि ती मोलाची व्यवस्थाही मोडली.

मग घटनेचे संरक्षण असताना खंड का पडला? सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ रोजी विकास गवळी खटल्यात इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी तिहेरी कसोटी बंधनकारक केली: स्वतंत्र आयोगाने मागासलेपणाची माहिती गोळा करावी, त्या आधारे प्रत्येक संस्थेतील प्रमाण ठरवावे आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांपुढे जाऊ नये. राज्याकडे ही माहिती तयार नव्हती. पुढे ही माहिती गोळा करणाऱ्या बांठिया आयोगाचा अहवाल आला, प्रभागरचनेचे, म्हणजे मतदारसंघांच्या सीमा आखण्याचे, नियम बदलले, त्यांवर नवे वाद उभे राहिले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयाने परिस्थिती जैसे थे ठेवण्याचा आदेश दिला. अखेर ६ मे २०२५ रोजी, बांठिया अहवालापूर्वीच्या आरक्षणानुसार चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश निघाला; ती मुदतही नंतर ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवावी लागली.

यातला प्रत्येक टप्पा कायद्याच्या चौकटीत बसवता येतो आणि मागासवर्गीयांच्या प्रतिनिधित्वाचा आग्रह तर न्याय्यच आहे. तरीही या सर्वांची बेरीज म्हणून मतदारांचा हक्क वर्षानुवर्षे गोठला, ही गंभीर गोष्ट होय. प्रशासक कितीही कार्यक्षम असला तरी त्याला जाब विचारणारे शासन वर असते, प्रभागात नसते. पाणीपट्टी, रस्ता किंवा अंदाजपत्रक यांवर सभागृहात उभे राहून विरोध नोंदवणारा नगरसेवकच नसतो. कारभार नापसंत असल्यास तो मताने बदलणे हे नागरिकाचे मूलभूत राजकीय स्वातंत्र्य आहे, आणि या काळात त्याला तेच वापरता आले नाही.

किशनसिंग तोमर खटल्यात २००६ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते की निवडणूक वेळेत घेणे हे राज्य निवडणूक आयोगाचे घटनात्मक कर्तव्य असून, शासन सहकार्य करत नसेल तर आयोगाने स्वतः न्यायालयात जावे. नव्या नगरपंचायतींची पाच वर्षे पहिल्या बैठकीपासून मोजली जात असल्याने पुढची शेवटची तारीख आजच सांगता येते. म्हणून प्रभागरचना आणि आरक्षणाची माहिती त्या तारखेच्या किमान वर्षभर आधी अंतिम करण्याचे बंधन विधिमंडळाने कायद्यातच घालावे, आणि ते पाळले न गेल्यास आयोगाने मुदत संपण्याची वाट न पाहता उच्च न्यायालयात दाद मागावी.