उलटा बेस मान का टाकतो

माझा भाचा डावखुरा आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने उजव्या हाताचा बेस घेतला, कारण दुकानात डावखुऱ्यांसाठी एकही नव्हता. विक्रेत्याने त्याला सांगितलं होतं, "उलटा धर, तारा बदल, झालं. हेंड्रिक्सनं तेच केलं." घरी येऊन त्याने पट्टा गळ्यात घातला, उजव्या हातात नेक धरली आणि वाजवायला लागला. मी म्हटलं, "आता दोन्ही हात सोड." त्याने हात सोडले आणि हेड झपकन गुडघ्याखाली गेलं. "मामा, हा तर मान टाकतोय," तो म्हणाला. बेसवाले याला नेक डाइव्ह म्हणतात. मला त्याचाच शब्द जास्त पटतो.

विक्रेत्याचं म्हणणं खोटं नव्हतं, अर्धं होतं. जिमी हेंड्रिक्स उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर उलटी धरून, तारांचा क्रम बदलून वाजवायचा, हे खरं. पण स्ट्रॅटवर नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी 25.5 इंच असते, नेहमीच्या बेसवर 34 इंच. शिवाय बेसच्या हेडवर जाड तारा ताणणाऱ्या मोठ्या, जड खुंट्या असतात. गिटारवर जे हाताला जेमतेम जाणवतं, ते बेसवर मनगट ओढून नेतं. आणि हेंड्रिक्सच्या उलट्या स्ट्रॅटवर पट्ट्याचं बटन दुसऱ्या शिंगावर लावलेलं असे. नुसती उलटी धरली आणि झालं, असं त्याच्याही बाबतीत नव्हतं.

दुसरं नाव हमखास पॉल मॅकार्टनीचं निघतं. त्याने 1961 मध्ये हॅम्बर्गमध्ये घेतलेला हॉफनर 500/1 उजव्या हाताचा होता आणि तो उलटा धरायचा, असं अनेकांना वाटतं. तो बेस मुळातच डावखुऱ्यांसाठी बनवलेला होता. व्हायोलिनसारखी दोन्ही बाजूंनी सारखी बॉडी असल्याने तो डावीकडून विचित्र दिसणार नाही, हे मॅकार्टनीने स्वतः सांगितलं आहे. त्या आकारात लांब शिंग आणि आखूड शिंग असा भेदच नाही. बॉडी पोकळ, तारेची लांबी जेमतेम 30 इंच, वजन दोन किलोंच्या आसपास. चार किलोंच्या भरीव बेसचा प्रश्न सोडवायला हे उदाहरण कामाचं नाही.

मग मान पडते कशामुळे? सगळ्यात पक्का गैरसमज इथे आहे: "बेस जड आहे म्हणून पडतो, हलका घे." प्रश्न एकूण वजनाचा नाही, पट्टा ते वजन कुठे पेलतो याचा आहे. कावड आठवा. दोन घागरींपैकी पुढची जड असेल तर माणूस खांदा पुढच्या घागरीकडे सरकवतो. कावड जड झाली म्हणून ती कलत नाही, खांदा चुकीच्या जागी आला की कलते. बेसमध्ये पुढची घागर म्हणजे हेड आणि मागची म्हणजे बॉडी. आता बॉडी हलक्या लाकडाची घेतली आणि नेक तीच ठेवली, तर मागच्या घागरीतलं पाणी ओतून दिल्यासारखं होतं. मान आणखी पडते. हलक्या बॉडीचे बेस याच कारणाने पुष्कळांना त्रास देतात.

1951 मध्ये फेंडरचा प्रिसिजन बेस आला, तेव्हा त्याचं वरचं शिंग पुढे लांब काढलेलं होतं. ते नुसतं शोभेचं नाही. त्याच्या टोकावरचं पट्ट्याचं बटन 12व्या फ्रेटच्या आसपास येतं, म्हणजे नटपासून साधारण 17 इंचांवर. अशा बेसचा तोल, म्हणजे तो आडवा टेकवला तर ज्या जागी समतोल राहील ती जागा, बहुधा नेक आणि बॉडीच्या जोडाजवळ असते. बटन त्याच्या बरंच पुढे, हेडच्या बाजूला आहे, म्हणून उजव्या हाताने वाजवताना बेस आडवा राहतो. उलटा केला की लांब शिंग खाली जातं आणि आखूड शिंग वर येतं. त्याचं टोक 16व्या फ्रेटच्या आसपास. पट्ट्याचं बटन तिथे लावलं, म्हणजे खांदा तीन-साडेतीन इंच मागे सरकला आणि नेमका तोलाच्या जागेपाशी आला. खरा दोष हा आहे.

हे घरी तपासता येतं. एक लाटणं घ्या, त्याला कापड गुंडाळून टेबलावर ठेवा आणि बेस पाठीवर त्यावर आडवा ठेवून पुढेमागे सरकवा. जिथे दोन्ही टोकं हवेत राहतात, तिथे मास्किंग टेपचा तुकडा लावा. मग आखूड शिंगाचं टोक त्या टेपच्या किती पुढे आहे ते पाहा. भाच्याच्या बेसवर ते दोन बोटं पुढे होतं. लांब शिंग तळव्याच्या रुंदीपेक्षाही पुढे होतं. दोन बोटांत मान तरत नाही.

"बटन आखूड शिंगावर हलवलं की काम झालं," हे म्हणूनच अपुरं आहे. हलवावं तर लागतंच, कारण खालच्या शिंगावरून आलेला पट्टा हातात आणि पोटात अडकतो, पण ती फक्त सुरुवात आहे. काही जण बटन नेकच्या जोडामागे, पाठीवर लावतात. तिथून बेस पुढे कलून तोंड खाली करतो आणि वाजवणाऱ्याला तो सतत छातीशी ओढून धरावा लागतो. जुन्या अकूस्टिक गिटारसारखा पट्टा हेडला दोरीने बांधला तर मान पडत नाही, कारण टेकू तोलाच्या खूप पुढे जातो. पण पट्टा नेक धरणाऱ्या हाताला अडतो आणि खांद्याचा ओढा थेट नेकवर येतो. मला तो उपाय बेससाठी पटत नाही. शिंगाच्या पुढे निघणारी धातूची पट्टी बसवून तिच्यावर बटन लावणं दिसायला फार सुंदर नाही, पण ते नेमकं हवं ते काम करतं. खांदा पुन्हा पुढे नेतं.

बॉडीच्या मागच्या टोकाला शिसं चिकटवावं, असं सांगणारेही भेटतात. थोडा हिशेब करू. बटन 16व्या फ्रेटजवळ असेल तर तिथून हेडचा मध्य साधारण 62 सेंमी आणि बॉडीचं मागचं टोक साधारण 45 सेंमी लांब. हलक्या खुंट्या बसवून प्रत्येकीमागे 40 ग्रॅम वाचले असं धरा, म्हणजे चार खुंट्यांत 160 ग्रॅम. तेवढाच परिणाम मागे शिसं लावून मिळवायचा तर 220 ग्रॅम लागतील. एका उपायात खांद्यावरचा भार कमी झाला, दुसऱ्यात वाढला. हेडवरून काढता येईल तेवढं आधी काढा, मागे घालायचं नंतर बघा. आणि खुंट्या घेताना उजव्या हाताच्याच घ्या. वाजवणारा डावखुरा असला तरी हेड उजव्या हाताच्या बेसचंच आहे, त्याची भोकं आणि खुंट्यांची दिशा बदललेली नाही. ही चूक लोक सर्रास करतात.

रुंद, आतून खरखरीत चामड्याचा पट्टा घ्यावा का? जरूर. तो खांद्यावर घसरत नाही आणि उरलासुरला ओढा धरून ठेवतो. पण तो तोल दुरुस्त करत नाही, शर्टाला धरून ठेवतो इतकंच. गुळगुळीत नायलॉनचा पट्टा मात्र काढूनच टाका.

तारांबद्दल थोडक्यात. तारा बदलायलाच हव्यात, हा नियम नाही. यलोजॅकेट्सचा माजी बेसवादक जिमी हॅस्लिप उजव्या हाताचा क्रम तसाच ठेवून, जाड तार खाली घेऊन वाजवत आला आहे. गिटारवर एलिझाबेथ कॉटन तशीच वाजवायची, बोटांनी खर्ज आणि अंगठ्याने सूर. क्रम बदलायचा असेल तर नट बदलणं आलंच. .045 इंचाच्या जी तारेसाठी कापलेल्या खाचेत .105ची ई तार बसत नाही, वर टेकून राहते, आणि ई च्या खाचेत जी तार खडखडते. ई तार आता हेडच्या सर्वांत लांबच्या खुंटीवर जाते, म्हणून मोजल्याशिवाय तार कापू नका. प्रिसिजनचा दोन तुकड्यांचा पिकअपही उलटतो. ई आणि ए तारांखालचा तुकडा ब्रिजकडे येतो, त्यामुळे त्यांचा आवाज थोडा तीक्ष्ण होतो आणि डी-जी भरदार. हा दोष मानू नका, काहींना तो आवडतो. वरच्या फ्रेट्सवर मात्र लांब शिंग हाताच्या आड येतं, आणि त्याला उपाय नाही.

"सवय झाली की मान आपोआप सांभाळली जाते," असंही ऐकायला मिळतं. याचा मला खरोखर राग येतो. सवय होते ती पडणारी नेक हाताने उचलून धरायची. अंगठा मागून दाबून धरतो, बोटं घट्ट होतात आणि एका फ्रेटवरून दुसऱ्यावर सरकताना हात आधी वजन पेलतो, मग सूर शोधतो. नव्या मुलाला वाटतं, आपलाच हात जड आहे. हात जड नसतो. ज्या हाताने सूर दाबायचा, त्याच्यावर हेडचं ओझं टाकलेलं असतं.

भाच्याच्या बेसवर आम्ही एका रविवारी दुपारी बसलो. आखूड शिंगावर आधी स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडलं, स्क्रूला साबण फासला आणि हळू फिरवत बसवला, म्हणजे लाकूड चिरत नाही. लांब शिंगावरचं जुनं बटन काढलं, भोकात फेविकॉल लावलेल्या काडेपेटीच्या काड्या ठोकून वरून तासल्या. पुढच्या महिन्यात हलक्या खुंट्या आल्या आणि नवा नट कापून घेतला. खरखरीत चामड्याचा पट्टा मी माझा दिला. मग पुन्हा म्हटलं, "सोड हात." हेड थोडं खाली गेलं, छातीच्या उंचीवर येऊन थांबलं आणि तिथेच राहिलं. त्याने दोन्ही हात खिशात घातले आणि बराच वेळ तसाच उभा राहिला.