कळंगुटचा धडा आणि आपला सातबारा

माझी आत्या गोव्यात बार्देश तालुक्यात दिली होती. १९८० च्या सुमारास मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडे बांद्याहून एस.टी.ने म्हापशाला उतरत असू आणि तेथून कळंगुटच्या बाजूला तिच्या गावी जात असू. किनाऱ्यावर रापण ओढणारी माणसे, मागे माडांची रांग आणि माडांच्या मागे भातखाचरे. रात्री दाराला नुसती कडी. कुलूप होते, पण त्याची किल्ली कोठे आहे हे आत्यालाही ठाऊक नसे.

आज त्याच घराला लोखंडी दरवाजा आहे. आत्येभाऊ म्हणतो, "दादा, घरातली वस्तू चोरीला गेली तर पुन्हा घेता येते. इथे जमीनच चोरीला जाते!"

शेतकरी बंधू-भगिनींनो, ही अतिशयोक्ती नाही.

गाव कसे बदलले?

१९६१ साली गोवा मुक्त झाला. त्या दशकाच्या अखेरीस कळंगुट, बागा, हणजुणे या किनाऱ्यांवर हिप्पी येऊ लागले. ऐंशीच्या दशकात परदेशातून थेट विमाने सुरू झाली आणि हॉटेले वाढली. भाताच्या पिकापेक्षा खोलीचे भाडे बरे, असा हिशेब घरोघरी झाला. त्यात कोणाची चूक म्हणता येणार नाही. पोट सर्वांनाच आहे.

पण पैशामागोमाग दुसरी मंडळीही आली. अंमली पदार्थ विकणारे आले. पर्यटकाला हाताला धरून नेणारे दलाल आले. नसलेल्या बंगल्याची जाहिरात करून आगाऊ भाडे उकळणारे ठक आले. वर्तमानपत्रात या बातम्या आपण वाचतो आणि "पर्यटकांचे प्रश्न" म्हणून पान उलटतो. गावकऱ्याच्या मुळावर येणारा गुन्हा मात्र वेगळाच आहे. त्याला चाकू लागत नाही, शाई लागते.

कागदावरची चोरी

बार्देशातील अनेक घरांतली माणसे पोर्तुगाल, इंग्लंड, आखाती देश, नाहीतर मुंबईत. वारसाहक्क मुलगा-मुलगी दोघांनाही सारखा, त्यामुळे एका तुकड्याला नावे अनेक. जुने दस्त पोर्तुगीज भाषेत. घरातल्या नव्या पिढीला ते वाचता येत नाहीत. शेत पड, घर बंद. चोराला आणखी काय हवे?

रीत अशी असे. पोर्तुगीज काळातला वाटावा असा खोटा दस्त तयार करायचा. मूळ मालकाने ही जमीन अमक्याला कधीच विकली, असे त्यात दाखवायचे. तो दस्त जुन्या नोंदवह्यांत घुसवायचा. मग त्या अमक्याचे वारस उभे करायचे, उताऱ्यावर नाव चढवायचे आणि बाहेरच्या गिऱ्हाइकाला जमीन विकून मोकळे व्हायचे. खरा मालक गावी येईतो त्याच्या शेतात भिंत उभी!

तक्रारी इतक्या वाढल्या, की २०२२ साली गोवा सरकारला पोलिसांचे विशेष तपास पथक नेमावे लागले. जुने दस्त सांभाळणाऱ्या सरकारी खात्यातील कर्मचाऱ्यांनाही त्यात अटक झाली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला आणि २०२३ मध्ये त्याने अहवाल दिला. म्हणजे कुंपणच शेत खात होते, हे सरकारनेच तपासले.

माझ्या आत्येभावावरही अशी पाळी आली होती. एके सकाळी अनोळखी माणसे त्याच्या खाचरात फीत धरून उभी दिसली. तो वाचला, याला दोन कारणे. तो दरवर्षी न चुकता उतारा काढतो आणि ते खाचर त्याने कधी पड ठेवलेले नाही. नोंद पक्की होण्याआधीच त्याने हरकत घेतली. शेजारच्या भाटाचे मालक परदेशात होते. त्यांची कोर्टाची तारीख अजून चालू आहे.

आता पाळी आपली

हे सारे मी आपल्याला का सांगतो? २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. २०२३ च्या जानेवारीत मोप्याहून विमाने उडू लागली; तेथून आपली हद्द हाकेच्या अंतरावर आहे. मालवण, तारकर्लीला पर्यटक वाढले. गावोगाव "जमीन आहे का?" विचारणाऱ्या गाड्या फिरतात. आणि आपले सातबारे कसे? आजोबांच्या नावावर! आजोबा जाऊन तीस वर्षे झाली आणि नातवंडे मुंबई-पुण्याला.

म्हणून चार गोष्टी करा.

पहिली, वारस नोंद. घरातील माणूस गेल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यावी. राहून गेली असेल तर आता द्या. बहिणींची नावे लपवू नका. त्यांचा हक्क कायद्याने आहे, आणि लपवलेल्या नावातूनच पुढे दलाल शिरतो.

दुसरी, वर्षातून एकदा सातबारा आणि आठ-अ काढून सर्व नावे वाचा. फेरफाराच्या नोटिशीवर हरकतीला पंधरा दिवस मिळतात. या नोटिसा आता 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावरही दिसतात. शहरातल्या मुलाला हे काम सांगा. त्याला दोन मिनिटे लागतील.

तिसरी, जमीन पड ठेवू नका. भात जमत नसेल तर कुळीथ टाका, काजू लावा, बांध दुरुस्त ठेवा आणि ई-पीक पाहणीत पीक नोंदवा. ज्या शेतात पाय पडतो, तेथे परका पाय टाकताना विचार करतो.

चौथी, मुखत्यारपत्र किंवा कोऱ्या कागदावर सही ओळखीच्या माणसालाही देऊ नका. नात्यातला माणूस पुढे करूनच बहुतेक दलाल दारात येतात.

गणपतीला चाकरमानी घरी येतील. आरती, भजन, मोदक सारे होऊ द्या. पण एक दुपार राखून ठेवा. सगळे भाऊ-बहिणी पडवीत बसा, सातबारा मध्ये ठेवा आणि एकाने तो मोठ्याने वाचा. कोणते नाव राहिले, कोणते नको ते आले, हे तेथेच कळेल.

आत्याच्या घराची कडी आता परत येणार नाही. आपल्या दाराची अजून शाबूत आहे.